चारशे थापट्यांची पंगत

सुरतेच्या नवागाम भागात, १९९७च्या फेब्रुवारी महिन्यात, माझी धाकटी बहीण नंदा हिच्या लग्नात चारशे थापट्या बदकांसाठी स्वयंपाक करण्यात आला. (बदकांसाठी, बदकांचा नव्हे. जेवण शाकाहारी होतं.) चारशेपैकी एकही बदक जेवायला आलं नाही.

बातमी एवढीच आहे. पार्श्वभूमी मात्र मोठी आहे आणि ती बट्टीपासून सुरू होते.

आमचं कुटुंब मूळचं अमळनेरकडचं. वडील, म्हणजे आप्पा, पलसाण्याच्या एका प्रोसेस हाउसमध्ये साड्या रंगवण्याच्या खात्यात होते. संध्याकाळी ते घरी आले की त्यांच्या नखांवरून त्या दिवशी कुठला रंग चालला होता ते कळायचं. आई, म्हणजे माय, त्या नखांकडे बघून म्हणायची, "आज मेंदीवाला माल व्हता का?" नवागामच्या आमच्या गल्लीत दिवसभर लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, खडखडाट असे. तो थांबला तर लोक दचकून घराबाहेर येत आणि लाइट गेली का ते बघत.

खानदेशी माणूस सुरतेत येऊन गुजराती बोलायला लागतो, खमण खायला लागतो, पण लग्नात वरण-बट्टीच लागते. गव्हाच्या जाड पिठाचे गोळे उकडायचे, चिरायचे, तळायचे, पत्रावळीवर चुरून त्यावर वरण ओतायचं, वरण दिसेनासं होईपर्यंत तूप ओतायचं, बाजूला घोटलेल्या वांग्याची भाजी. नवरी कशी होती, हुंड्यात काय दिलं, बँड कुठला होता, हे लोक विसरतात. बट्टी कमी पडली तर विसरत नाहीत.

माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात बट्टी कमी पडली होती.

शेवटच्या पंगतीत कमी पडली. त्या पंगतीत स्वतः नवरदेव बसला होता! रमेशराव, आमचे दाजी, त्यांचं नंदुरबारला घड्याळांचं दुकान. त्यांना स्वतःच्या लग्नात वरण-भात खाऊन उठावं लागलं. ते भांडले नाहीत. रुसले नाहीत. त्यांनी फक्त त्यानंतर प्रत्येक वेळी, सासरी पाटावर बसल्यावर, ताटाकडे बघून अतिशय नम्रपणे विचारायला सुरुवात केली, "आज सगळ्यांना पुरेल ना?"

आप्पा उत्तर देत नसत. तुपाचं भांडं उचलून दाजींच्या ताटात आणखी तूप ओतत.

हा प्रश्न घरात राहिला असता तरी चाललं असतं. पण तो नवागामभर झाला. कुणाच्याही लग्नाच्या बैठकीत कुणीतरी म्हणायचंच, "बट्टी मोजी ठेवा रे भो, आप्पासारखं नको!" आप्पा त्या बैठकीत हजर असत आणि छताकडे बघत.

म्हणून नंदाचं लग्न ठरलं तेव्हा आप्पा एकच वाक्य बोलले. "बाकी काहीबी व्हवो. बट्टी कमी पडाले नको."

हे वाक्य दाजींच्या कानावर गेलं. पुढच्या खेपेला ते नंदुरबारहून येताना एक डिजिटल डायरी घेऊन आले.

ज्यांनी ती वस्तू पाहिली नाही त्यांच्यासाठी: चष्म्याच्या घरासारखी उघडणारी, खिशात मावणारी, आत दोन बोटं रुंद पडदा आणि मसुराच्या दाण्याएवढी बटणं. अक्षरं फक्त इंग्रजी. त्यात माणसाचं नाव, पत्ता आणि फोन नंबर साठवता यायचा. प्रत्येक बटण दाबलं की ती 'पीं' करायची.

"आप्पा," दाजी म्हणाले, "या वेळी हिशोब बोटांवर नको. मशीनमध्ये. हजार माणसं मावतात यात."

"हजार?" माय म्हणाली. "आन् बसतीन कोठे?"

यंत्र चालवण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात इंग्रजी येणारा मी एकटा होतो. मी नुकताच शहरातल्या एका दैनिकात उपसंपादक म्हणून लागलो होतो. आमच्या वृत्तसंपादकांचा नियम होता की कुठलाही आकडा दोन ठिकाणी तपासल्याशिवाय छापायचा नाही. हा नियम मी कार्यालयात कसोशीने पाळत असे.

पहिल्याच संध्याकाळी अडचण आली. आप्पा सांगायला लागले, मी बटणं दाबायला लागलो.

"साहेबराव."

पीं पीं पीं.

"झालं? फोन नंबर?" मी विचारलं.

"साहेबरावकडे फोन कधीपासून?"

साहेबरावकडे फोन नव्हता. सुकदेवकडे नव्हता. तुकारामकडे होता, पण तो कोपऱ्यावरच्या किराणावाल्याचा होता आणि किराणावाला बोलावत नसे. आमच्या भाऊबंदांत कुणाकडेच फोन नव्हता. फोन नंबरचा रकाना ओळीने रिकामा राहायला लागला. आप्पांना रिकामी जागा सहन होत नसे.

"त्यात मानसं भर," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"साहेबरावना घरनी किती येतीन ते. चूलबंद शे."

चूलबंद म्हणजे आमच्याकडचं सगळ्यात मोठं आमंत्रण. घरटी एक माणूस असं नाही. सगळं घर, म्हातारी माणसं, पाळण्यातलं पोर, आलेला पाहुणा, सगळे. त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायचीच नाही. आणि सुरतेत आमची माणसं गल्लीगल्लीने राहत असल्यामुळे आप्पा घर धरत नव्हते, गल्ली धरत होते. गल्लीतल्या एका कर्त्या माणसाचं नाव घालायचं, पत्त्यात भाग लिहायचा आणि फोन नंबरच्या जागी अख्ख्या गल्लीची माणसं. साहेबराव, डिंडोली, ऐंशी. सुकदेव, उधना, शंभर. तुकाराम, सचिन (हा भाग आहे, माणूस नव्हे), साठ.

पद्धत सुटसुटीत होती. मी आप्पांचं कौतुकही केलं. दुर्दैवाने ती माझ्या लक्षात राहिली.

कारण त्याच हिवाळ्यात मी पक्षी बघायला लागलो होतो. वृत्तपत्रातर्फे एका पक्षीमंडळाच्या सहलीची चार ओळींची बातमी आणायला गेलो आणि मंडळातच राहिलो. रविवारी पहाटे सायकल काढायची, गारठ्यात समुद्राकडे जाणाऱ्या डुमस रस्त्याला लागायचं, तिथल्या तळ्यावर धुकं असायचं, आणि त्या धुक्यात न दिसणारे शेकडो पक्षी बोलत असायचे. लूमच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाला तो आवाज म्हणजे काहीतरी चुकून फुकट मिळाल्यासारखा वाटायचा.

मंडळाचे प्रमुख देसाईसाहेब, बँकेतून निवृत्त झालेले. गळ्यात दुर्बीण, कानावर पेन्सिल, खिशात वही. त्यांचा नियम आमच्या वृत्तसंपादकांपेक्षा कडक होता. नोंद जागेवर झाली असेल तरच धरायची. घरी जाऊन आठवून सांगितलेला आकडा अहवालात जाणार नाही. "याद तो बायको नी पण खोटी होय," ते म्हणायचे. त्यांच्या पत्नी शेजारीच उभ्या असायच्या आणि दुर्बीण न काढता म्हणायच्या, "सांभळ्युं," म्हणजे ऐकलं.

वार्षिक गणनेच्या रविवारी प्रत्येकाला तळ्याचा एकेक काठ वाटून दिला होता. माझ्याकडे पूर्वेचा आला. मी खिशातून डिजिटल डायरी काढली.

"आ शुं छे, भाई?" देसाईसाहेबांनी विचारलं. "केल्क्युलेटर?"

"डायरी. इलेक्ट्रॉनिक. इसमें नोंद करूंगा."

"पेन्सिल लई जाव," ते म्हणाले.

मी पेन्सिल घेतली नाही. जग पुढे चाललं होतं आणि मी त्याच्याबरोबर होतो.

पूर्वेच्या काठावर बसल्यावर लक्षात आलं की उन्हात पडद्यावर काही दिसत नाही. मी शर्टाच्या आत डोकं घालून बघितलं. दिसलं. मग डोकं बाहेर काढून पक्षी बघितला. शेकाट्या, लांब गुलाबी पाय, सुया टोचल्यासारखा चालणारा. पुन्हा शर्टात डोकं. पीं. समोरच्या दोन शेकाट्यांनी माना वर केल्या. पीं पीं. चार उडाले. पीं पीं पीं! नाव लिहून पूर्ण होईपर्यंत समोर शेकाट्या उरला नव्हता. सुदैवाने मी आधी मोजले होते. एकशे साठ. यंत्राने फोन नंबर मागितला, मी एकशे साठ दिले. पक्ष्यांकडे आणि आमच्या भाऊबंदांकडे फोन नसण्यात फरक नव्हता.

त्यानंतर तुतवार आले, नव्वद. आणि मग, ऊन जरा चढल्यावर, थापट्यांचा थवा आला.

थापट्या म्हणजे उलथन्यासारख्या चपट्या चोचीचं बदक, उत्तरेकडून हिवाळ्यात येणारं. मंडळात कुणी एका वेळी शंभराच्या वर पाहिल्याचं सांगितलं नव्हतं. मी दहा-दहाचे गट करून मोजत गेलो. चारशे! एकाच वेळी चारशे बदकं पाण्यात चोच घालून गोल फिरत होती, आणि पूर्व काठावर त्यांना बघणारा मी एकटा होतो. घाईत एक अक्षर तीनदा खोडावं लागलं. पण नोंद झाली. जागेवर. थापट्या, डुमस, चारशे.

अख्ख्या सकाळी माझ्या तीन नोंदी झाल्या. देसाईसाहेबांच्या वहीची पाच पानं भरली होती. पण चारशे थापटे त्यांच्याकडे नव्हते.

"लख्युं छे ने?" त्यांनी डोळे बारीक करून विचारलं.

"लिखा है. जगह पर."

"पाक्कुं?"

"मशीन में है."

अहवाल लिहायच्या वेळी आकडा द्या, असं ते म्हणाले. परतताना मी सायकलवर गाणं म्हणत होतो.

यंत्रात पक्ष्यांसाठी वेगळी जागा नव्हती. ते नावं आपोआप इंग्रजी वर्णक्रमाने लावायचं आणि कोण माणूस, कोण पाणपक्षी हे त्याला सांगण्याची सोय नव्हती. त्यामुळे साहेबरावच्या खाली शेकाट्या बसला, सुकदेवच्या खाली थापट्या आणि तुकारामच्या खाली तुतवार. आठवड्याभरात नोंदी कागदावर उतरवून काढून टाकू, असं मी ठरवलं. मग कार्यालयात बजेटच्या पानांची धांदल उडाली आणि डायरी घरी फळीवर, देवाच्या तसबिरीशेजारी राहिली.

पुढचा भाग घडला तेव्हा मी घरी नव्हतो. आप्पाही कुलदैवताला पत्रिका द्यायला गावी गेले होते. माय आणि भिकाभाऊ आचारी या दोघांनी मला वेगवेगळं सांगितलेलं मात्र तंतोतंत जुळतं.

भिकाभाऊ पिठाचा आकडा विचारायला आला. घरात माय आणि लग्नासाठी आधीच आलेले दाजी. दाजींनी फळीवरून डायरी काढली, चष्मा पुसला आणि पाटावर बसून वाचायला सुरुवात केली. ते वाचत होते, भिकाभाऊ खडूने भिंतीवर आकडे मांडत होता.

"साहेबराव, डिंडोली, ऐंशी."

"लिखं."

"शेकाट्या, डुमस, एकशे साठ."

"हाऊ शेकाट्या कोन?" माय म्हणाली.

आता हे बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटेल. पण आमच्याकडे पोर जगावं म्हणून त्याचं नाव मुद्दाम टाकाऊ ठेवायची रीत आहे. माझ्या एका काकांचं नाव चिंधा, दुसऱ्याचं दगा, शेजाऱ्याचं उखर्डू. ज्या घरात उखर्डू आहे तिथे शेकाट्या असायला कुणाची हरकत?

"आप्पांच्या मिलमधला असेल," दाजी म्हणाले.

"सुकदेव, उधना, शंभर. थापट्या, डुमस, चारशे."

भिकाभाऊचा खडू थांबला. "कितला?"

"चारशे."

"डुमसले आपला चारशे लोक कोठून उना?" माय म्हणाली.

दाजींनी विचार केला. "तिकडे बंगले आहेत मोठमोठे. वॉचमन असतील."

"चारशे वॉचमन?"

"बायकापोरं धरून, सासूबाई. चूलबंद आहे."

तरी माय म्हणाली, पोऱ्याला येऊ दे, एकदा विचारू. दाजींनी चष्मा काढला.

"माझ्या लग्नात विचारूनच केलं होतं ना?"

भिकाभाऊने खडू पुन्हा भिंतीला लावला. तुकाराम साठ. तुतवार नव्वद. बेरीज झाली. पीठ जवळपास दुप्पट निघालं.

आप्पा गावाहून आले तेव्हा ओसरीवर पोत्यांची रांग लागली होती. त्यांनी एकदा पोत्यांकडे, एकदा दाजींकडे पाहिलं.

"इतलं?"

"मशीनचा हिशोब आहे, आप्पा," दाजी म्हणाले. "या वेळी एक माणूस उपाशी उठणार नाही."

आप्पांना शंका आली होती, हे त्यांनी नंतर कबूल केलं. पण जो जावई इतकी वर्षं बट्टीवरून बोलत होता तोच स्वतः उभा राहून पोती आणवतो आहे, हे बघून त्यांनी ती शंका बाजूला ठेवली. शिवाय मागच्या वेळी त्यांनी स्वतःच्या बोटांवर विश्वास ठेवला होता. त्यांनी पोत्यावर हात फिरवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "पोऱ्यानं काम चांगलं करं."

मला वाटलं, कार्यालयातून सुट्टी काढली त्याबद्दल म्हणताहेत. मी मान डोलावली.

लग्नाच्या दिवशी मला उधना स्टेशनवर पाठवलं होतं. भुसावळ पॅसेंजरने गावची मंडळी येणार होती. गाडी नेहमीप्रमाणे उशिरा आली. सगळ्यांना टेंपोत भरून मी मैदानावर पोचलो तेव्हा लग्न लागून गेलं होतं, पंगती सुरू झाल्या होत्या आणि मांडवाच्या तोंडाशी गर्दी ताटकळत उभी होती.

आत शिरलो. मांडवाच्या अर्ध्या भागात लोक जेवून उठत होते. उरलेल्या अर्ध्या भागात पत्रावळींच्या लांबच लांब रांगा मांडलेल्या होत्या. पाणी शिंपडलेलं. प्रत्येक पत्रावळीच्या कोपऱ्यात मीठ वाढलेलं. वाढपी बादल्या घेऊन उभे. आणि जमिनीवर एकही माणूस बसलेला नव्हता.

रांगांच्या तोंडाशी दाजी उभे होते. फेटा, कपाळावर घाम, हातात उघडी डिजिटल डायरी.

"काय झालं? लोक उभे आहेत, बसवा ना!" मी म्हणालो.

"कसं बसवू?" दाजी ओरडले. "सगळ्यात मोठी मंडळी अजून यायची आहे! ते आले आणि जागा नाही, तर? मागाहून अर्धे उपाशी उठले, तर? मला माहीत आहे ते कसं वाटतं!"

"कोण यायचंय?"

"डुमसवाले! दोन पोरं मोटारसायकलवर पाठवली हायवेला, बस दिसते का बघायला. चारशे माणसं आहेत, एकही अजून पोचलेला नाही. शेकाट्याचे नाहीत, तुतवारचे नाहीत." त्यांनी यंत्र माझ्या नाकासमोर धरलं. "हा थापट्या माणूस कसा आहे? बोललेला शब्द पाळणारा आहे ना?"

वृत्तपत्राच्या कामात एक क्षण असतो. अंक छापून झालेला असतो, गाड्या निघालेल्या असतात आणि पहिल्या पानावरची चूक तुम्हाला दिसते. त्या क्षणी माणूस फार शांत होतो.

"दाजी," मी म्हणालो, "तो उत्तरेकडचा आहे."

"म्हणजे यूपीचा?"

"त्याच्याही पलीकडे. ते बदक आहे."

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मग यंत्राकडे. मग मीठ वाढलेल्या रिकाम्या पत्रावळींकडे.

"चारशे?"

"दहा-दहाचे गट करून मोजले."

"शेकाट्या?"

"पक्षी."

"तुतवार?"

"तोपण. लहान असतो. शेपटी हलवतो."

एवढ्यात आप्पा आले. काय झालं ते त्यांना दाजींनीच सांगितलं. मागे भिकाभाऊ उभा होता आणि त्याच्यामागे टोपल्यांत, चादरींवर, दोन दरवाजे काढून मांडलेल्या फळ्यांवर बट्टी होती. एवढी बट्टी मी आधी कधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. नंदा नव्या नवऱ्याशेजारी खुर्चीवर बसली होती. बातमी तिच्यापर्यंत पोचली आणि ती मुंडावळ्यांच्या आड हसायला लागली. नवरीने हसू नये म्हणून बायकांनी तिच्या तोंडापुढे पदर धरला. पदर हलत होता.

आप्पांनी बट्टीकडे पाहिलं. मागच्या लग्नात कमी पडली म्हणून लोक हसले, या लग्नात टाकून दिली म्हणून हसतील. अन्न टाकून देणाऱ्याला आमच्याकडे कमी पाडणाऱ्यापेक्षा वाईट म्हणतात. ते चालत बँडवाल्याकडे गेले आणि त्याच्या हातातला माइक घेतला.

आप्पा आयुष्यात कधी माइकवर बोलले नव्हते. पहिला शब्द मराठीत निघाला, मग त्यांनी सभोवार पाहिलं आणि हिंदी धरली.

"नवागाम के सब भाई लोग, सुनो. मेरी लडकी की शादी है. आज इधर किसी के घर में चूल्हा नहीं जलेगा. लूमवाले, मिलवाले, ओरिसावाले, यूपीवाले, सब. घरवाली, बच्चा, मेहमान, सबको लेके आने का. चूलबंद है!" आणि थोडं थांबून, "कोई फोन नहीं करेगा. आ जाने का."

लूमवर पाळी बदलायची वेळ होती. आधी चार जण आले, बनियनवर, केसांत धाग्याची कुसळं, दाराशी चपला काढाव्यात की नाही अशा विचारात. आप्पांनी स्वतः त्यांना हाताला धरून पहिल्या रांगेत बसवलं. मग गल्लीच आली. थापट्याच्या जागी ओरिसाच्या कामगारांची अख्खी खोली बसली.

"ये लड्डू है क्या?" एकाने बट्टी उचलून विचारलं.

"लड्डू नहीं!" भिकाभाऊ खेकसला. "फोडो उसको. चुरा करो. दाल डालो. अब रुको, घी आता है. अरे रुको!"

त्याने फोडली, चुरली, खाल्ली. शेजाऱ्याकडे बघून मान हलवली आणि पुन्हा पत्रावळ पुढे केली. रांगा उठल्या, नव्या बसल्या. आमच्या गावची म्हातारी मंडळी पंगतीत वाढायला लागली. मी तूप वाढत होतो. कुणीतरी घरून आपलं ताट आणलं, कुणी लूमवरच्या मित्रासाठी डबा. आप्पा रांगांमधून फिरत प्रत्येकाला एकच विचारत होते, "बट्टी मिली?" आणि प्रत्येक जण तोंड भरलेलं असल्यामुळे हात वर करत होता.

उन्हं उतरली तशी टोपल्या दिसायला लागल्या. मग चादरी. मग फळ्यांचं लाकूड. भिकाभाऊ आप्पांच्या कानाशी आला. "आप्पा, आते शेवटली टोपली."

आप्पांचा चेहरा पडला. मांडवात अजून एक पंगत बसलेली होती. भिकाभाऊने ती टोपली स्वतः उचलली आणि रांगेच्या टोकापासून एकेक वाढत निघाला. मी तुपाची बादली घेऊन मागे. रांगेच्या शेवटी एक लूमवाला, त्याच्या मांडीवर पोर. बापाला एक मिळाली. पोराला एक मिळाली. टोपलीत एक तुकडा उरला, तो भिकाभाऊने पोराच्याच पत्रावळीवर ठेवला.

नवागाममध्ये त्या दिवशी एकही पाहुणा बट्टीशिवाय उठला नाही. हे मी दोन ठिकाणी तपासलं आहे.

शेवटी घरची माणसं बसली. दाजी दिवसभर डायरी घेऊन उभे राहिल्यामुळे जेवायचे राहिले होते. मायने त्यांच्या पत्रावळीवर भात वाढला, वर वरण वाढलं आणि मग ती तशीच उभी राहिली, कारण पुढे वाढायला काही नव्हतं.

दाजींनी भाताकडे पाहिलं. आम्ही सगळे दुसरीकडे बघायला लागलो.

"आज सगळ्यांना पुरली ना?" त्यांनी विचारलं.

"पुरनी," आप्पा म्हणाले. आणि त्यांनी तुपाचं भांडं उचललं. त्यातही फारसं नव्हतं. होतं ते ओतलं.

दाजींनी भात कालवला आणि जेवले. त्यानंतर त्यांनी तो प्रश्न पुन्हा विचारल्याचं कुणालाही आठवत नाही.

दोन रविवारांनी मी पक्षीमंडळाच्या बैठकीला गेलो. देसाईसाहेब वही उघडून बसले होते. एकेक काठ, एकेक पक्षी, अहवाल तयार होत होता. पूर्वेचा काठ आला. सगळे माझ्याकडे वळले.

"बोलो भाई. थापट्या केटला?"

मी यंत्र उघडलं. साहेबराव होते. त्यांच्या खाली सुकदेव. सुकदेवच्या खाली तुकाराम. मी वर गेलो, खाली आलो. पीं पीं पीं. सुकदेवच्या खाली तुकारामच होता.

दाजी व्यवस्थित माणूस. नंदुरबारला परतण्याआधी त्यांनी यादी नीट लावून ठेवली होती. आले त्यांची नावं ठेवली होती. आले नाहीत त्यांची काढून टाकली होती.

"लख्युं हतुं ने?" देसाईसाहेबांनी विचारलं.

"लिखा था."

"पछी?"

"शादी में नहीं आए," मी म्हणालो. "इसलिए काट दिए."

देसाईसाहेबांनी कानावरची पेन्सिल काढली, तिचं टोक पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

त्या वर्षीचा मंडळाचा अहवाल माझ्याकडे आहे. तळ्याचा पूर्व काठ, निरीक्षक म्हणून माझं नाव. शेकाट्या: शून्य. तुतवार: शून्य. थापट्या: शून्य.